वैजयंताचा पैरा

"आई, तू मरणार हायस काय गं?"

विचारलं आणि क्रांतीचं तिलाच दचकायला झालं. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून पोरी शाळेमागच्या कट्ट्यावर बसलेल्या, तिथं शिवानी आणि स्वप्नाली या मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं; आईच्या दुखण्याचं क्रांतीनं फक्त त्या दोघींनाच सांगितलं होतं. "वक्तृत्वाची ढाल आणल्यापास्नं लई तोंड सुटलंय न्हवं तुझं? मग घरात इचारून दाखव की!" क्रांती तरातरा घरी आली आणि दप्तर न काढताच विचारून मोकळी झाली.

वैजयंता चुलीपुढं भाकरी थापत होती. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर पडली, वरून पाणी फिरलं.

"मग? तू काय कायमची ऱ्हाणार हायस व्हय?" ती म्हणाली. "सरक तिकडं. ड्रेसला राख लागंल."

दुधाला आज फॅट किती लागलं ते सांगावं, तसा आवाज. हल्ली घरात सगळेच असं बोलायचे. चार वर्षांमागं वैजयंताच्या छातीतली गाठ काढली होती. तेच दुखणं आता मणक्याच्या हाडात आलंय, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून. रडलं कुणीच नाही. म्हशींच्या धारा वेळेवर निघायच्या, आमटीत मीठ बरोबर पडायचं. नुसतं कुणाला काही वाटायचंच बंद झालं होतं.

"डॉक्टर काय म्हणालं? खरं सांग."

"दुखणं जाणार न्हाई म्हणालं. पर गोळ्या-इंजेक्शनानं दाबून ठेवता येतंय. कुणाकुणाची लई वर्सं निघत्यात. वजन उचलायचं न्हाई. आन् मान्सांत ऱ्हावा म्हणालं."

"मग ऱ्हातीस कुठं मान्सांत?"

वैजयंतानं भाकरी उलटली.

कोडोलीच्या त्यांच्या गल्लीत पाच घरच्या बायांचा पैरा होता. आज शालूबाईच्या रानात सगळ्या, उद्या वैजयंताच्या. मजुरी नाही, हाताला हात. यंदा भुईमूग काढायला वैजयंता कुणाच्याच रानात गेली नाही. तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, गल्लीत सांगितलं, "तिची कंबर धरलीया." आणि आपली पाळी आली तसं बायांना येऊ नका म्हणाला. "आमचं हात तुमच्या रानात आलं न्हाईत, मग तुमचं कशाला घ्यायचं?" त्यामुळं भुईमूग रानातच. पन्हाळ्याच्या बाजूनं रोज काळं भरून यायचं. आणखी दोन सरी बसल्या असत्या तर शेंगांना मातीतच कोंब फुटले असते.

सकाळी क्रांती थेट शालूबाईच्या रानात गेली. बाया ओळीनं भुईमुगाचे येल उपटत होत्या.

"आली बगा बदलीची बाई!" शालूबाई ओरडली. "आईला सांग, कंबर आमालाबी हाय म्हणावं. आमी काय कंबर घरात ठिऊन येतो व्हय?"

बाया फिदीफिदी हसल्या. क्रांतीनं वाटेनं केवढं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"काकू, आईचा कॅन्सर मणक्याच्या हाडात आलाय."

हसू जिथल्या तिथं थांबलं. शालूबाईच्या हातात येल तसाच लोंबत राहिला, शेंगांची माती खाली झडत राहिली.

"आन् तुझ्या बाऽनं कंबर सांगितली?" ती सरीतच बसली. "आगं, आमी तिला कामचुकार म्हणालो की गं. चारचौघींत म्हणालो!"

मग शालूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "माझी नणंद हाय बग, नरसोबाच्या वाडीला दिल्याली. तिचंबी आसंच मणक्यात आलतं. गोळ्या खाती, कुरकुर करती, परवा लेकीच्या हळदीत नाचलीबी. तिचा फोन जोडून देतो वैजयंताला. आमी सांगून काय उपेग? जिचं तिला ठावं." हातातला येल ढिगावर टाकत ती म्हणाली, "तुमचा भुईमूगबी काढला आसता. पर तुझा बा दारात उभा करायचा न्हाई."

"माझं हात चालतील?"

शालूबाईनं तिची गुलाबी नखं बघितली. "नेलपेंट जाईल की गं, बाई."

"जाऊ दे."

दिवस कलेपर्यंत तिनं येल उपटले. कंबर म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

घरी आली तेव्हा कृष्णात दारात पाय धूत होता. वैजयंता उंबऱ्यावर बसून कुठंच बघत नव्हती. क्रांती दोघांच्या मधी उभी राहिली.

"पप्पा, शालूकाकू आन् समद्या बाया उद्या आपल्या रानात येणार हायत. आईला काय झालंय ते मी सांगितलंय."

कृष्णातच्या हातातला तांब्या वाकडा झाला. "कुणाला इचारून?"

"कुणालाच न्हाई. आईचा पैरा आता माझा. सुट्टीभर रोज, आन् शाळा लागली की रैवारी. आज एक दिस घालूनबी आलोय, तवा तुमाला कुणाचं फुकट घ्यायला लागणार न्हाई." ती आईकडं वळली. "आन् आई, तूबी यायचंस. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई. बाया येल आणून टाकतील, तू बांधावर बसून शेंगा तोडायच्यास. दुपारी काकूची नणंद फोन करणार हाय, तिच्याशी बोलायचंस. बोलावंसं न्हाई वाटलं तर नुसतं ऐकायचंस. पर घरात बसायचं न्हाई. मी ठरवलंय."