सगळं नीट पाहिलं

सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. पण रोज वीस-वीस जणांचा कोड तपासायला येऊन पडला की मास्तरही मेटाकुटीला येई. मग एका रविवारी त्याने ब्राउझरला जोडायचं एक छोटंसं एक्स्टेन्शन लिहिलं. ज्या फाइलमध्ये पाचपेक्षा कमी ओळी बदलल्यात, ती तपासणीच्या पानावर दिसायचीच नाही. वर एक बटण दाबलं की 'सगळं नीट पाहिलं. जाऊ द्या.' असा शेरा आपोआप पडायचा. घ्या! तासाचं काम दहा मिनिटांत. बायकोला त्याने मोठ्या कौतुकाने दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे न बघताच बघितलं म्हणायची सोय?" तो हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

महिन्याभरात कंपनीने दवाखान्यांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये घोळ झाला. डॉक्टरांच्या वेळेची आठवण करून देणारे मेसेज दोनशे रुग्णांना एक दिवस उशिरा गेले. म्हातारी माणसं दवाखान्यात पोचली, तर त्यांची वेळ कालच होऊन गेलेली. खापर फुटलं नव्यानेच लागलेल्या एका मुलीच्या डोक्यावर. कोड तिचा, त्यातून ती अजून प्रोबेशनवर. चार वाजता मॅनेजरबाई तिचा काय तो निकाल लावणार होत्या.

"मास्तर, तुम्ही तपासलं होतंत ना हे?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"हो... पुन्हा बघतो," तो म्हणाला.

एक्स्टेन्शन बंद करून त्याने ते पान उघडलं. आजवर न दिसलेली एक फाइल समोर आली. बदललेली ओळ एकच, आणि तिच्याखाली मुलीची टीप: 'सर, इथे तारीख एक दिवस पुढे जाईल अशी शंका येतेय. एवढं बघाल का?' पानाच्या तळाशी त्याचा शेरा होताच.

त्याचे कान तापले. आणि खोटं कशाला बोला, त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही टीप आणखी कोणी वाचली असेल का? मग त्याला स्वतःचीच किळस आली. चाळिशी उलटलेला माणूस, आणि पोरीच्या नोकरीपेक्षा त्याला आपलं नाक मोठं!

तो तसाच बाईंच्या खोलीत गेला. मुलगी समोर बसलेली होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं, एक्स्टेन्शनसकट. बाई म्हणाल्या, "तिचं काम चालू राहील. तुम्ही मात्र महिन्याभराचं सगळं पुन्हा तपासा. डोळ्यांनी."

बाहेर आल्यावर त्याने मुलीला विचारलं, "अगं, टीप लिहिली होतीस, मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बघितलंत आणि तुमच्याही नजरेतून सुटलं. होतं असं कधी कधी. उगाच तुमचं नाव कशाला घ्यायचं?"

त्याला मान वर करवेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ती दोन पावलं गेली आणि थांबली. अगदी अदबीने म्हणाली, "सर, माझा कोड यापुढे दुसऱ्या कोणाकडे दिला तर चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.