जिन्याचं दार

बहरीनमध्ये, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या त्या इमारतीत वर कुटुंबं राहत आणि खाली बॅचलर. म्हणजे बायकापोरं कोकणात ठेवून आलेले बाप्ये. अन्सारही खालचाच. पण त्याच्या बायकोला, महमुदाला व्हिसा मिळाला, तो बिऱ्हाड घेऊन वर गेला आणि लगेच त्याला खालच्यांच्या नजरा खुपू लागल्या. ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवला, त्यांनी वर फिरकू नये म्हणून या शहाण्यानं मालकाच्या मागे लागून जिन्याला लोखंडी दार बसवून घेतलं.

वर्षाच्या आत महमुदा बाळंतपणात गेली, बाळासकट. दफन उरकून अन्सार परतला, तर शेजारचा लान्सी वाट बघत उभा.

"फार वाईट झालं, अन्सारभाई," तो म्हणाला. "पण आता तुम्ही बॅचलर. आमच्या बायका घरात एकट्या असतात."

आणि त्यानं जिन्याच्या चावीसाठी हात पुढे केला.