साखराबाईंनी मलाच का निवडलं

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेयर आहे, आणि मला स्वस्थ बसवत नाही. काय करणार, माझा धंदाच गरगर फिरण्याचा! पोटात सीडी पडली की मी फिरतो, नाही पडली की नुसता चडफडतो. सध्या एका कपाटावर प्लास्टिकची पिशवी पांघरून पडलो आहे, म्हणजे चडफडण्याशिवाय दुसरा उद्योग नाही. तुम्ही आलाच आहात, तर सगळं सांगूनच टाकतो. मध्ये उठून जाऊ नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खोक्यात आदळत-आपटत मी चौसाळ्याला आलो, वैजिनाथअप्पांच्या दुकानात. शेजारी दोघं होते. एकाच्या तोंडावर लाल-निळे दिवे नाचायचे. दुसऱ्याबरोबर गाण्यासाठी माइक मिळायचा. माझ्याकडे काय, तर काळं तोंड आणि एक बटण. गिऱ्हाईक यायचं, दिव्यांवर भाळायचं आणि निघून जायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात ते साल दुष्काळाचं. दिवसभर दुकानापुढून टँकर धावायचे आणि त्यांची धूळ माझ्या अंगावर. असल्या दिवसांत प्लेयर कोण घेणार? मी आतल्या आत गंजत होतो.

अशात एका दुपारी शहादेव आणि त्यांची बायको साखराबाई दुकानात आली. दोघं नुकतीच ऊसतोडीवरून परतली होती. साखराबाईंच्या हातात रुमालात गुंडाळलेली सीडी होती. मागच्या उन्हाळ्यात झालेल्या लेकीच्या लग्नाची. अप्पांनी पाणी दिलं आणि मग सगळी हकिगत बाहेर आली.

साखराबाईंकडे हौशी नावाची कालवड होती. तिची आई मेल्यावर साखराबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. दिवाळीनंतर तोडीला जाताना दूध संस्थेच्या चारा छावणीत हौशीला बांधलं आणि राखायला साखराबाईंचे वडील आश्रुबा यांना ठेवलं. आता परत येऊन बघतात, तर आश्रुबांच्या दावणीला तांबडी कालवड होती खरी. पण छावणीतच राहणाऱ्या विमलबाई म्हणत होत्या, की ती त्यांची आहे. आश्रुबांनी परवा मोकळी सुटलेली धरून बांधली, असं त्यांचं म्हणणं. कानातले बिल्ले केव्हाच गळून पडलेले. विमलबाई खूण सांगत होत्या, मागच्या उजव्या पायाचं खूर जन्मापासून पांढरं आहे. शहादेव लगेच म्हणाले, आमच्या हौशीचंही तसंच होतं. विमलबाईंकडे दुसरं जनावर नव्हतं. त्या एका कालवडीसाठी त्यांनी सगळा हिवाळा पालाखाली काढला होता.

संस्थेचे चेअरमन अर्जुनराव दोघांच्या मध्ये पडले. लग्नाच्या सीडीत हौशी आहे ना, मग सगळ्यांसमोर लावा आणि खूर बघा, असं ठरलं. संस्थेत मोठा टीव्ही होता, पण तिथल्या प्लेयरमध्ये मुंग्यांनी घर केलेलं. तेव्हा प्लेयर शहादेवांनी आणायचा होता.

आता मित्रांनो, प्लेयर कसा निवडावा हे अप्पांकडून शिका. त्यांनी आम्हा तिघांना पाळीपाळीनं एकाच टीव्हीला जोडलं आणि सीडीही एकच लावली. एका पिवळ्या वायरीवर भागवलं नाही. चित्रासाठी लाल, हिरवी, निळी अशा तीन वायरी लावल्या, कारण सगळे रंग एकाच वायरीत कोंबले की कडा फिसकटतात. म्हणाले, नाचगाणं बघू नका, त्यात सगळेच झकास दिसतात. केस बघा, लुगड्याचे काठ बघा, सावलीतलं बघा.

दिवेवाला लागला. हौशी आली, पण तिच्या अंगाचा नुसता तांबडा गोळा. माइकवाल्यात चेहरा बरा दिसला, पाय मात्र मातीत मिसळलेले. शहादेवांना तोच पसंत पडला. मग माझी पाळी आली. इतके दिवस दाबून ठेवलेला सगळा जोर मी लावला. साखराबाई हौशीला कुंकू लावत होत्या आणि हौशी त्यांच्या बांगड्या चाटत होती. तिच्या पापण्या दिसल्या, नाकावरचा ओलावा दिसला. चित्र पायांकडे सरकणार, तेवढ्यात लाइट गेली.

"ह्योच घ्या," साखराबाई म्हणाल्या.

शहादेव चिडले. "एवढं सोच्छ कावून पाहिजे? थोडंफार दिसलं म्हंजे झालं की."

"न्हाई. ह्योच."

मी तर हुरळून गेलो! मला वाटलं, हौशीला परत आणायलाच आपली निवड झाली. आपण जातोय ते जिंकायला! किती मूर्ख होतो मी. शहादेव रस्ताभर गप्प का होते, याचा विचारही मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खोलीत ही गर्दी! मोठ्या टीव्हीला तिन्ही वायरी लागल्या. मी फिरू लागलो. हळद झाली, पंगत झाली, मग हौशी आली. कुंकू, बांगड्या, आणि मग पाय. अर्जुनरावांनी चित्र थांबवायला सांगितलं.

मित्रांनो, थांबणं म्हणजे माझ्यासाठी शिक्षा. तरीही मी चित्र घट्ट धरून ठेवलं. हौशीचा मागचा उजवा पाय टीव्हीभर उभा होता आणि खूर काळंभोर होतं. चारही खुरं काळी. मी माझ्याच घरच्या माणसांना हरवलं होतं. खोटं दाखवायची सोय असती, तर देवाशपथ मी ते खूर त्या क्षणी पांढरं केलं असतं.

शहादेव म्हणू लागले की सीडी जुनी आहे, रंग उडाला असेल. साखराबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"ही माझी हौशी," टीव्हीकडे बोट करत त्या म्हणाल्या आणि विमलबाईंकडे वळल्या. "छावणीतली हिची हाय. मी हाक मारली तवा तिनं कानसुदिक हलवला न्हाई. तवाच मला कळलं हुतं. पर डोळ्यांनी बघायचं हुतं."

कोपऱ्यात आश्रुबा बसले होते. ते उठले आणि पुन्हा खाली बसले.

"पोरी, तुझी हौशी पौषातच गेली," ते म्हणाले. "रातीतून पोट फुगलं. तू तकडं फडात, तुला कसं सांगावं? तुमी येनार म्हून मोकळी कालवड दिसली, ती बांधली."

साखराबाईंनी वडिलांकडे बघितलंही नाही. त्यांची नजर माझ्यावर, म्हणजे माझ्या चित्रावर होती. त्यांनी चित्र जरा मागं घ्यायला सांगितलं. मी हौशीच्या तोंडावर येऊन थांबलो. विमलबाई उठल्या, पण कालवड मिळाली म्हणून घाईनं निघून गेल्या नाहीत. साखराबाईंच्या शेजारी येऊन टेकल्या आणि बाटलीनं दूध किती दिवस पाजलं ते विचारू लागल्या. आणि साखराबाई सांगू लागल्या.

फार वेळ थांबवून ठेवलं, की मी आपोआप बंद पडतो. माझी घडणच तशी. त्या दिवशी मी जिवाच्या आकांतानं धरून राहिलो, पण शेवटी पडदा निळा झालाच.

तेव्हापासून मी या घरात आहे. शहादेवांनी बरेच दिवस मला हात लावला नाही. त्यांचा राग मला समजतो. पुढं घरात मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. पण पोळ्याच्या दिवशी साखराबाई मला खाली घेतात, पदरानं पुसतात, तिन्ही वायरी ज्या त्या जागी लावतात. यंदाही लावल्या. मी किती धडपडलो! पण नातवंडांनी ती सीडी फरशीवर घासून खेळायला घेतलेली. हळद दिसली, पंगत दिसली, आणि हौशी येते तिथं नुसते चौकोन. मी मागं गेलो, पुढं गेलो, पुन्हा मागं गेलो. साखराबाई तशाच बसून होत्या.

"ऱ्हाऊ दे," त्या मला म्हणाल्या. "दिसती मला."

त्या असं म्हणाल्या, पण माझ्या जिवाला चैन नाही. म्हणून तुमच्या हातापाया पडतो, मित्रांनो. घरातली जुनी सीडी कडेनं धरा, मऊ कापडानं पुसा, तिला फरशीवर घासू नका. माझ्यासारखा प्लेयर दुकानात दुसराही मिळेल, पण त्याच्यात लावायला हौशी कुठून आणाल?