खंडोबाला वर्षाचं पत्र

अनसूयाबाईंच्या सासरी खंडोबाला दरवर्षी पत्र जायचं. पूर्वज दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, जेजुरीला जाणं-येणं जमेना, तेव्हा कुणा पणजोबांनी ही तोड काढली. नाताळच्या सुट्टीत घरच्या कर्त्या पुरुषाने वर्षाचे उपकार लिहून जेजुरीच्या उपाध्यांना पाठवायचे आणि त्यांनी ते देवापुढे वाचायचे. नियम दोनच. पत्रात काही मागायचं नाही आणि एकदा लिहिलेलं फिरवायचं नाही. मागणाऱ्यांची देवाच्या दारात काय वाण आहे, असं सासरे म्हणत.

छप्पन साली कर्ता पुरुषच घरी नव्हता. नोव्हेंबरात मध्यभारताचा मध्यप्रदेश झाला, मोतीमहालातली सरकारी दप्तरं पेट्यांत भरून भोपाळला गेली आणि दप्तरांबरोबर अनसूयाबाईंचे यजमान माधवरावही गेले. नव्या राज्यात नाताळची रजा मागायची कुणाची छाती! त्यांचं कार्ड आलं. 'यंदाचं पत्र तू लिही. जुन्या नकला ट्रंकेत आहेत, त्याबरहुकूम लिही. इथे घर ठरवले आहे. संक्रांतीनंतर सर्वांना घेऊन येतो.'

संक्रांतीनंतर! आणि शरयूची मॅट्रिक मार्चात. घराण्यात मॅट्रिकला बसणारी ही पहिली मुलगी. मधेच शाळा सुटली तर वर्ष जाणार आणि वर्ष गेलं की 'आता पुरे' म्हणणारे ढीगभर निघणार. अनसूयाबाईंना स्वतःला चौथीनंतर 'आता पुरे' म्हटलं होतं, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. नवऱ्याला त्यांनी दोनदा कळवून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की घर एके ठिकाणी असावं. त्यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती.

शुक्रवारी दुपारी दौलतगंजातल्या गच्चीवर उन्हात बसून त्यांनी जुन्या नकला पुढ्यात घेतल्या आणि लिहायला सुरुवात केली. मुलगा शरच्चंद्र श्रावणात विषमज्वरातून उठला. एकवीस दिवस ताप होता. बाविसाव्या सकाळी त्याने वरणभात मागितला, तेव्हा त्या चुलीपुढे बसून रडल्या होत्या. तेवढं सगळं त्यांनी लिहिलं. देवाला ठाऊक असलं म्हणून काय झालं, आपण सांगायला नको? दुखण्यातून उठल्यावर पोरगं असं काही वाढलं की दिवाळीचे पायजमे आताच घोट्यांच्या वर गेले, हेही लिहिलं.

"आई, माझं पण लिही ना," शरच्चंद्र डोकावून म्हणाला. "मैं टीम में आ गया हूँ, क्रिकेटच्या."

"लिहिते. पण देवाशी तरी धड मराठीत बोल, गाढवा."

मग शरयूची ओळ आली. लेखणी जरा थांबली. मागायचं तर नाही. मग आभार मानायला कोणाची ना आहे? त्यांनी लिहून टाकलं, 'शरयूची परीक्षा होईस्तोवर आम्हांस ग्वाल्हेरीतच ठेवलेस, हे तुझे थोर उपकार.' खाली सही केली, नक्कल ठेवली आणि धीर खचायच्या आत पत्र स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं.

रविवारी सकाळी माधवराव टांग्यातून उतरले. एका दिवसापुरते आले होते. चहा झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि नक्कल मागितली. शरयू दाराआड उभी राहिली.

"ठेवलेस?" ते त्या ओळीशी थांबले. "कुणी ठेवलं? मी तिथे घर ठरवून आलोय."

"पत्र गेलं परवाच," अनसूयाबाई म्हणाल्या. "आता उपाध्यांना कळवा, आभार परत पाठवा म्हणून."

रागावले तर काय बोलायचं ते त्यांनी दोन दिवस घोकून ठेवलं होतं. पण माधवराव रागावले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"शरदचा ताप आहे. शरयू आहे. त्याचं क्रिकेटसुद्धा आहे," ते हळूच म्हणाले. "माझं काही नाही यात."

अनसूयाबाईंनी कागद हातात घेऊन पुन्हा पाहिला. नकलांबरहुकूम लिहिलं होतं त्यांनी. त्या नकलांत दरसाल 'कुटुंबाची प्रकृती उत्तम ठेवलीस' अशी अनसूयाबाईंसाठी ओळ असे. लिहिणारा मात्र स्वतःचं काही लिहीत नसे. वीस वर्षं या माणसाने सगळ्यांचे आभार मानले आणि स्वतःला मोजलंच नाही. आणि आपण? दोन महिने हा खानावळीत जेवतोय, गळपट्टी ढिली झाली आहे, आणि आपल्या उपकारांत त्याचं नाव नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच विसरलात तुम्हाला, आणि मी पण तेच गिरवलं." त्यांचे डोळे भरून आले.

"असू दे. पुरवणी जोडता येते," माधवराव म्हणाले. दप्तरातला माणूस तो. "कागद घे."

त्या कागद घेऊन बसल्या. "काय लिहू?"

दाराआडून शरयूचा पदर दिसत होता. माधवरावांनी तिकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला.

"लिही. यजमानांस एप्रिलपर्यंत खानावळीची आमटी गोड मानून घेण्याची बुद्धी दिलीस, हे तुझे उपकार."

एवढी एक ओळ लिहायला अनसूयाबाईंना बराच वेळ लागला.