नर्सने दिलेले मोजे

अगं, आधी ऐक तर! मधे बोलू नकोस.

फुआतिनो म्हणजे वाइउलीची सून. तीन बाळंतपणांत तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून निळ्याजांभळ्या झालेल्या, गांडुळं चिकटवल्यासारख्या. त्यात आमच्या सामोआत लग्ना-मयताच्या चटया विणायच्या म्हणजे सकाळपासून मांडी घालून बसायचं. थोरांसमोर पाय पसरला की अपमान झालाच.

नर्सने तिला घट्ट मोजे दिले. बजावलं, "अर्ध्या तासाने ऊठ, चार पावलं चाल. झोपताना पाय उशीवर ठेव. मोजे गुंडाळायचे नाहीत, शीर आवळली जाते. आणि पोटरी सुजून गरम लागली तर अजिबात चोळायची नाही बरं! आत गुठळी असली तर सुटून छातीत जाते. सरळ बोट पकडायची आणि हॉस्पिटल गाठायचं."

त्याच संध्याकाळी सासूने मोजे काढून घेतले. "सुनेच्या पायात मोजे आणि सासू अनवाणी? लाज आहे का गं?" रविवारी पांढऱ्या झग्याखाली तेच घालून बाई चर्चला!

आम्ही बायका एकत्र विणायला बसतो त्या चटईघरात फुआतिनो जरा उठली की, "चालली राणी फिरायला! बस खाली." एकदा कळ सोसेना म्हणून तिने पाय सरळ केला, तर वाइउलीने चटईसाठी केवड्याची पात चिरायचा शिंपला तिच्या घोट्यावर हाणला. आम्ही सगळ्या हसलो. आठवड्यात तिची शीर लाल झाली, दोरीसारखी कडक. बिचारी बारा दिवस लंगडत होती.

सासू म्हणायची, "कामाच्या वेळीच बरा दुखतो हिचा पाय!"

मग आली मोठ्या चटईची घाई. वाइउली सहा दिवस जागची हलली नाही. उकडतं म्हणून मोजे गुडघ्याखाली गुंडाळलेले. सातव्या दिवशी तिचीच डावी पोटरी टम्म सुजली, चुलीतल्या दगडासारखी तापली.

"तेल आण गं. चोळ."

"आई, नर्स म्हणाली होती, चोळायचं नाही. आत गुठळी असली तर..."

फाडकन थोबाडीत बसली, सगळ्यांदेखत. "मला अक्कल शिकवतेस? माझ्या आईने चोळूनच अख्ख्या गावाचे पाय बरे केले. चोळ म्हणते ना!"

बोट धक्क्याला लागलेली, तासाभराने सुटणार होती. फुआतिनोने बोटीकडे पाहिलं. मग त्या गुंडाळलेल्या मोज्यांकडे. गालावर पाच बोटं उठलेली. तिने खोबरेल ओंजळीत घेतलं.

"बघतेस काय? लाव की जोर!"

आणि तिने लावला गं. अंगठे रोवून, खालून वर, खालून वर. सासू डोळे मिटून म्हणाली, "आता कशी शहाणी झालीस!" एवढं म्हणाली आणि खोकली. मग छातीवर हात दाबला. बोट सुटायच्या आत सगळं संपलं होतं.

एकदा तर सांगितलं होतं ना तिने? मार खाऊन गप्प बसली. खरं सांग, तू दुसऱ्यांदा सांगितलं असतंस?