कणगीतली हलगी

चांगुणाने वाकळ ओढून कणगीचं तोंड झाकलं आणि मगच दार उघडलं. दारात न्हावऱ्याचा मच्छिंद्र उभा होता, तिच्या नवऱ्याच्या जलशातला जुना साथीदार. शाहीर कोंडिबाला जाऊन वर्ष झालं होतं. विहाराशेजारच्या नव्या वाचनालयात त्याच्या वस्तू मांडायच्या, म्हणून मच्छिंद्र त्या न्यायला राहू गावी आला होता.

"जय भीम, वहिनी."

"जय भीम, भावजी. या."

डफ, निळा फेटा, दोऱ्याने बांधलेला चष्मा. मच्छिंद्र एकेक वस्तू तान्ह्या पोरासारखी उचलत होता. कोंडिबा होता तेव्हा हाच गडी त्याचा डफ एसटीत विसरून यायचा! चांगुणाला हसू आलं असतं, पण तिचं सगळं लक्ष कणगीकडे होतं.

कणगीत हलगी होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर गावाच्या हुकमावर हलगी बडवायची नाही असं ठरलं, आणि सगळ्यांनी आपापल्या हलग्या फडक्यात बांधून नदीत सोडल्या. कोंडिबाने त्यावर गाणंही रचलं. ते गाणं दौंड-शिरूरभर गाजलं. पण त्याने स्वतः नदीत सोडली होती ती घरातली जुनी चाळण. हे एकट्या चांगुणाला ठाऊक होतं. आता बोभाटा झाला तर लोक त्याला लबाड म्हणतील, या धास्तीने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"डफाला गुंडाळायला ही घेऊ का?" असं म्हणत मच्छिंद्रने वाकळ ओढलीसुद्धा.

बाजरी तळाला गेली होती. वर हलगी उघडी पडली. चांगुणा हात जोडून कणगीच्या आड आली.

"भावजी, पाया पडते, कुनाला सांगू नका. त्यांच्या बापाच्या हातची व्हती, त्यास्नी टाकवली न्हाई. पन गावासाठी परत कवा हात लावला न्हाई तिला."

"मग नदीत काय सोडलं?"

"चाळण."

मच्छिंद्र एकदम हसत सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"म्या परात सोडली, वहिनी. बायकू अजून म्हंती चोरीला गेली. माझी हलगी माळ्यावर हाय."

चांगुणाचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली.

"म्हंजी त्यांचं गाणं खोटं न्हाई?"

"खोटं कसं? आपून गावाचा हुकूम पान्यात सोडला, हातातली कला न्हाई." मच्छिंद्रने हलगी उचलून डफाशेजारी ठेवली. "वाचनालयात अशीच डफाशेजारी मांडू. कोंडिबाची दिसली, की बाकीचेबी आपापल्या काढतील."