शहाऐंशीची कॅसेट

दोन हजार आठ साली त्या जुन्या रॉक बँडने शहरात आपला शेवटचा कार्यक्रम केला. शेवटचा कार्यक्रम त्यांनी त्याआधीही दोनदा केला होता, पण या वेळी ते खरं बोलत असावेत. गिटारवाला स्टुलावर बसून वाजवत होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी गाणाऱ्याला धरून खुर्चीत बसवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत त्या कार्यक्रमाची चिरफाड सुरू झाली. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्याचे मित्र यायचेच. भिंतीवर कवट्यांची पोस्टरं तीच, आणि कॉफी करणारीही तीच.

मंडळी तिघं. एक शहाऐंशी. बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ प्रत्येक वाक्य 'शहाऐंशी साली' असं सुरू करी, म्हणून त्याचं नावच ते पडलं. दुसरा ढोल्या, कुलपं दुरुस्त करणारा, टेबल दिसलं की बोटांनी बडवणारा. तिसरे वहिनींचे धाकटे दीर. ते बँकेत कारकून होते आणि जो मोठ्याने बोलेल त्याच्या बाजूने असत.

त्यांचा एक नियम होता: ज्या कार्यक्रमाला तुम्ही हजर नव्हता, त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. वहिनी एकूण एक कार्यक्रमाला हजर होत्या. पण त्यांचं तोंड त्या नियमात कुणी धरलंच नव्हतं. तिथे त्यांच्या मांडीवर सगळ्यांचे कोट असत.

"काल तो गात होता की गुळण्या करत होता?" शहाऐंशीने उद्घाटन केलं.

"गुळण्यासुद्धा लोक सुरात करतात," दीर म्हणाले.

"त्र्याण्णवला बरा होता रे," ढोल्याने टेबलावर ताल धरला.

"त्र्याण्णव! तेव्हा त्यांनी केस कापले होते. केसांबरोबर सगळंच गेलं. ड्रमवाला तर भांडी विसळल्यासारखा वाजवत होता."

"बरं, मग दोन हजार एकला..."

"दोन हजार एकला तू खांबामागे उभा होतास. तुला खांब दिसला. तू खांबाबद्दल बोल."

वहिनी कप भरत होत्या. एकाला जिना चढवत नाही, दुसऱ्याचे दात रात्री वाटीत, तिसऱ्याच्या कानात यंत्र. आणि म्हातारा झाला म्हणून बोल लावायचे ते त्या गाणाऱ्याला!

"शहाऐंशी साली त्याने जी किंकाळी मारली," शहाऐंशी छाती फुगवून म्हणाला, "ती पुन्हा झाली नाही. वहिनी, काढा ती कॅसेट. ऐकू दे यांना."

त्या कॅसेटच्या नकला, नकलांच्या नकला कुठकुठे पोचल्या होत्या. त्या एका किंकाळीच्या मापाने तिघांनी पुढचे सगळे कार्यक्रम मापले होते, आणि एकही पुरा उतरला नव्हता. ती टेप केली होती वहिनींच्या नवऱ्याने. लपवलेला टेपरेकॉर्डर मात्र वहिनींच्या कोटाखाली होता, आणि अख्खा कार्यक्रम त्या दगडासारख्या बसून होत्या.

कॅसेट काढताना वहिनींचा हात जरा थबकला. शेवटच्या गाण्यानंतर तिच्यावर नवऱ्याचे चार शब्द होते. त्याचा आवाज दुसऱ्या कशावर उरलाच नव्हता. मित्रांनी ते शब्द कधी ऐकले नव्हते, कारण शेवटची झांज विरली की शहाऐंशीने बटण दाबायचं आणि सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, अशी त्यांची रीत. नवरा गेल्यावर वहिनींनी ते एकदा ऐकले आणि घाईने बंद केले. आवाज चिरका, त्याचा नव्हेच. आणि तेव्हापासून तो आठवायला जावं तर तीच चिरकी कानात येई. खरा आवाज दिवसेंदिवस निसटत चालला होता, याची त्यांनी धास्ती घेतली होती.

किंकाळी झाली. तिघांनी माना डोलावल्या. झांज विरली. शहाऐंशीचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "पुढे हे आहेत."

"अगं, झोपलीस की काय? ऊठ. माझा एक बूट गेला बघ," कॅसेटमधून चिरका आवाज आला.

दीर फिस्सकन हसले. "दादा काय उंदरासारखा बोलतोय!"

ते हसू वहिनींच्या वर्मी लागलं. हसा म्हणावं! पण नवरा जर या कॅसेटवर उंदीर झाला, तर तुमचा गाणारा तेवढा माणूस कसा राहिला? आणि मग त्यांना आठवला तो रेकॉर्डरचा मिणमिणता लाल दिवा. सेल ढोल्याच्या टॉर्चमधून काढलेले होते. दिवा मंदावतोय असं त्या कुजबुजल्या, तेव्हा नवरा म्हणाला होता, "होईल गं. तू हलू नकोस." मरतुकड्या सेलवर टेप रखडत फिरली; ती आता नीट वेगाने लावली की सगळेच धावत सुटणार आणि वरच्या पट्टीत बोलणार.

त्यांनी दुकानातून चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणला.

"वहिनी, काय करताय?"

"हे टेपरेकॉर्डरच्या मागच्या भोकातून मोटरचा वेग कमी करायचे. मी शंभरदा पाहिलंय."

स्क्रू किंचित फिरवायचा, टेप मागे घ्यायची, ऐकायचं. माझा एक बूट गेला बघ. अजून किंचित. बूट गेला बघ. उंदराचा पोरगा झाला, पोरग्याचा तरुण झाला, आणि एका वळणाला खोलीत एकदम तो बोलला: जाडसर, थोडा सर्दीतला, हसू दाबणारा. वहिनींचा हात तिथेच थांबला. दिरांनी कप खाली ठेवला.

मग वहिनींनी टेप मागे नेऊन किंकाळी लावली. गाणारा वर चढायला गेला, अर्ध्यावर दमला आणि उरलेलं ओरडून भागवलं. हुबेहूब काल रात्रीसारखं.

ढोल्याची बोटं टेबलावरून उतरली. "टॉर्चचे सेल जुनेच होते," तो पुटपुटला.

शहाऐंशी लालबुंद झाला. "फिरवा तो स्क्रू मागे! तुम्हाला काय कळतं यातलं?"

"मी हजर होते," वहिनी म्हणाल्या. "नियम तुमचाच आहे."

"मग आम्ही इतकी वर्षं ऐकलं ते काय?"

"मेलेले सेल."

"वहिनी, फिरवा म्हणतो!"

"तुमच्या गाणाऱ्याला वर चढवलं की हे उंदीर होतात. माझ्या घरात उंदीर नकोत." आणि चष्म्याच्या फ्रेमला लावायच्या गोंदाचा एक थेंब त्यांनी स्क्रूवर सोडला.

शहाऐंशीने त्या दिवशी स्वतःचा कोट स्वतः शोधला आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. वहिनींनी मूळ कॅसेटची वाट लावली, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. आपली नक्कल तो रोज लावी, आणि किंकाळी दर वर्षी अधिकच उंच गेल्याचं शेजाऱ्यांना पटवून देई. दीर त्याच्यासमोर त्याची गोष्ट सांगत, वहिनींसमोर वहिनींची. ढोल्या पुढे काही वर्षं येत राहिला, टेबल न बडवता बसे आणि फक्त शेवटचे चार शब्द लावायला सांगे. मग संधिवाताने बोटं आखडली आणि मुलगी त्याला आपल्याकडे घेऊन गेली. बँडने दोन वर्षांनी आणखी एक शेवटचा कार्यक्रम केला. वहिनी एकट्या गेल्या, पुढच्या रांगेत बसल्या, मांडीवर कुणाचाही कोट नव्हता. गाणाऱ्याने गुळण्या केल्या, आणि त्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या.

कॅसेटच्या त्या रात्री तो बूट काही सापडला नव्हता. एका पायाला वहिनींचा स्कार्फ गुंडाळून नवरा लंगडत घरी आला होता, आणि वाटभर बँडलाच नावं ठेवत होता.